क्रूझ संपत आली, शेवटचं बंदर लाउटोका: एका दिवसात काय बघावं, आणि घरी काय नेऊ नये?

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. जहाजावरून लिहू राहिलो. इथलं इंटरनेट मधूनच जातं, म्हणून सगळं एकदाच विचारून घेतो. परवा सकाळी शेवटचं बंदर आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

मी रावेर तालुक्यातला, तापीकाठचा. आजोबांपासून केळी. पोरगी-जावई सिडनीला असतात, त्यांनी आम्हा दोघांना ही समुद्राची सहल घडवली. सिडनीहून नुमिया, मग लिफू, मिस्ट्री आयलंड, वर सामोआचं आपिया, खाली टोंगाचं नुकुआलोफा, फिजीत सुवा आणि आता फिजीतलंच लाउटोका. त्यानंतर एकही बेट नाही. नुसता समुद्र आणि मग सिडनी.

आतापर्यंतची बंदरं जावयाने आखून दिल्याप्रमाणे पाहिली आणि चांगली पाहिली. लिफूला जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. वर कड्यावर एक छोटं चर्च आहे, तिथून खालचं पाणी इतकं नितळ की तळाची पोवळी दिसतात. मिस्ट्री आयलंडवर तर वस्तीच नाही. जहाज येतं त्या दिवशी शेजारच्या अनेइत्युम बेटावरचे लोक होड्यांतून येतात, दुकानं मांडतात, संध्याकाळी आपल्या गावी परत. बेटाच्या मधून दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी गेलीय.

पण शेतकऱ्याचा डोळा शेवटी पिकावरच जातो. बायको बाजार बघते, मी केळी बघतो. सामोआत जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिथे फेई म्हणून केळीचा प्रकार आहे. त्याचा घड लोंबत नाही, सरळ आभाळाकडे तोंड करून उभा राहतो! दांडा ताठ, फण्या वर. पिकल्यावर साल तांबूस-नारिंगी, गर केशरी. कच्चं खात नाहीत, भाजून नाहीतर उकडून खातात. खोडाला चीर दिली की निघणारा चीक तांबडा असतो. आपण घडाच्या वजनाने झाड पडू नये म्हणून बांबू लावा, पट्ट्या बांधा यात किती पैसा घालतो, आणि तरी मे-जूनच्या वादळात एका रात्रीत बाग आडवी होते. त्या घडाखाली मी बराच वेळ उभा होतो. तिथले लोक हिरवी केळी उकडून नारळाच्या दुधात घालून जेवणात घेतात, भाकरीच्या जागी. तेही खाल्लं, आवडलं.

आता विचारायचं ते. आपल्या पानांवर करपा आला की कृषी केंद्रवाला सिगाटोका रोगाचं म्हणून औषध देतो. ज्याच्यावरून ते नाव पडलं ते सिगाटोका खोरं याच बेटावर, लाउटोकाच्या दक्षिणेला आहे. आयुष्यभर ज्याच्यावर फवारण्या केल्या, तो रोग जिथून जगाला माहीत झाला ते खोरं इतक्या जवळ येऊन न बघता जाणं मला पटत नाही. जहाज सकाळी आठला लागणार, साडेचारला सगळे परत चढलेले पाहिजेत. जावयाने एका लहान बेटावर पोहण्याचं बुकिंग केलंय, ते रद्द करता येतं. टॅक्सीने सिगाटोका होईल का?

बायकोचं वेगळं आहे. त्याच दिवशी आषाढी. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते तेव्हा आम्ही दर वर्षी दर्शनाला जातो, यंदा चुकलं. तिच्या मनाला ते लागून आहे. लाउटोकात जवळपास एखादं देऊळ आहे का, आणि उपासाचं काही मिळेल का?

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मला झोप येत नाही. धाकट्या भावाने फोटो पाठवला. मृगबागेच्या नवीन लागवडीत काही झाडांच्या पानांवर हरण्या (केळीचा विषाणूचा रोग) दिसू राहिला. घरी पावसाची झड लागलीय. मी ज्या बुटांनी या बेटांवरच्या केळीत फिरलो, तेच बूट घालून आपल्या बागेत जायचं का? इथून माझ्याबरोबर काही येणार तर नाही ना? त्या फेईचं एखादं पील (बुंध्याशी फुटलेलं रोप) आणावं असंही मनात येतं, पण भीतीही वाटते. जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

डेक_नऊ

काका, राम राम. मी अमळनेरचा. काही वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगला होतो, लाउटोकाला बऱ्याचदा उतरलोय.

सिगाटोकाचा विचार सोडा. नकाशावर जवळ दिसतं, पण शंभरेक किलोमीटर धरा आणि रस्ता गावागावांतून जातो, म्हणून दोन तास जायला, दोन यायला. खोरं गावापासून आणखी आत. वाटेत टायर बसला किंवा पाऊस आला तर संपलं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. सुवाला चुकलं असतं तर लाउटोकाला येऊन जहाज गाठता आलं असतं. पण हे शेवटचं बंदर, यानंतर थेट सिडनी. मी धक्क्यावर धावत आलेली आणि जहाज सुटताना बघत उभी राहिलेली माणसं पाहिलीत. साडेचार म्हणजे जहाजाच्या घड्याळाचे साडेचार, मोबाइलचे नव्हेत. साडेतीनला धक्क्यावर असा.

त्याऐवजी हे करा. साखर कारखाना धक्क्याच्या शेजारीच आहे, १९०३ पासून चालतोय. जुलै म्हणजे गाळपाचा हंगाम, त्यामुळे उसाने भरलेल्या छोट्या रुळांच्या गाड्या दिसतील. मग बाजार. काकूंसाठी, लाउटोकात इस्कॉनचं कृष्णाचं देऊळ आहे, कालिया मर्दनाचं. ते लोक एकादशी कडक पाळतात, धान्य शिजत नाही. मग टॅक्सीने नादीच्या दिशेला साबेटोचं खोरं. हिरवंगार आहे, घरोघरी केळी दिसतात आणि अर्ध्या तासात परत येता येतं. नादी गावात सुब्रमण्यस्वामींचं मोठं रंगीत गोपुराचं देऊळ आहे, वेळ उरला तर तिथपर्यंत जा. टॅक्सीवाला हिंदी बोलणारा मिळेल, भाव आधी ठरवा आणि परतीचे पैसे परत आणल्यावरच द्या.

शेवटच्या रात्रीचं सांगतो, त्यात नवखी माणसं गोंधळतात. आदल्या दिवशी खोलीत रंगाचे किंवा नंबरचे टॅग येतील. ते मोठ्या बॅगांना लावून रात्री दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. म्हणजे रात्रीनंतर ती बॅग तुमच्या हातात नाही. पासपोर्ट, गोळ्या, चष्मा, चार्जर, सकाळचे कपडे आणि चपला हातातल्या पिशवीत ठेवा. अंगावरच्या कपड्यांसकट सगळं बॅगेत भरून बाहेर ठेवलेले आणि सकाळी गाऊनवर उतरलेले प्रवासी मी पाहिलेत. खोलीच्या खात्याचं बिल शेवटच्या रात्री येतं, ते ओळ न ओळ वाचा. काही चुकीचं लागलं असेल तर रात्रीच काउंटरला जा, सकाळी तिथे रांग संपत नाही. खोली साफ करणाऱ्या पोराला हातात काही द्यायचं असेल तर तेही आदल्या संध्याकाळी द्या, सकाळी तो वीस खोल्यांमागे पळत असतो.

सावदा_ॲग्री

दादा, तुमच्या बुटांचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. हा प्रश्न परदेशी जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला पडायला हवा. मी सावद्याचा, बी.एस्सी. ॲग्री, केळीतच काम करतो.

चार रोग वेगवेगळे धरा, कारण प्रत्येकाची येण्याची वाट वेगळी.

करप्याचे बीजाणू पानांवरून वाऱ्याने आणि पावसाच्या थेंबांनी पसरतात. बुटातून तो येण्याची काळजी नको, पण पान, पानाची टोपली, पानात गुंडाळलेली वस्तू आणू नका. १९१२ च्या सुमारास सिगाटोका खोऱ्यात त्याची साथ आली. १९६० च्या दशकात त्याचा जास्त जहाल भाऊ, काळा करपा, हाही फिजीतच पहिल्यांदा ध्यानात आला. आपल्या करप्याचे ठिपके आधी पानाच्या वरच्या बाजूने दिसतात, काळ्या करप्याच्या तपकिरी रेघा आधी पानाच्या पाठीवर उमटतात. तिथे पान दिसलं तर उलटून बघा, हातात घेऊन फिरू नका.

पर्णगुच्छ, म्हणजे बंची टॉप. याची पहिली नोंद १८८९ मध्ये फिजीतच झाली. १९१३ मध्ये फिजीहून आणलेल्या पिलांबरोबर तो ऑस्ट्रेलियात शिरला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथल्या न्यू साउथ वेल्समधल्या केळीच्या बागा जवळजवळ संपल्या. पिलं आणणाऱ्यांना बिचाऱ्यांना काही कल्पना नव्हती, पिलं दिसायला चांगली होती. म्हणून फेईचं पील, कंद, माती लागलेलं मूळ, काहीही नाही. भारतात लागवडीची सामग्री आणायला आधी परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे, आणि आणलेली झाडं विलगीकरणात वाढवून तपासतात. ते काम संस्थांचं. तुम्हाला फेईबद्दल कुतूहल असेल तर तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राला लिहा.

बुटांची खरी भीती केळी वाळवणाऱ्या पनामा मर रोगाची, त्यातल्या टीआर ४ या प्रकाराची. ती बुरशी मातीत राहते, वर्षानुवर्षं, केळी नसली तरी. ऑस्ट्रेलियात १९९७ पासून उत्तरेकडे आहे, २०१५ मध्ये क्वीन्सलँडच्या टली भागात सापडली. आणि आपल्या देशात बिहारच्या कटिहार-पूर्णिया पट्ट्यातही आली आहे. मातीचा एक खडा पुरतो. तेव्हा बूट असे धुवा: आधी ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने तळव्याच्या खाचांतली माती पूर्ण काढा, माती राहिली तर वरून कितीही जंतुनाशक ओता, उपयोग नाही. मग बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखं जंतुनाशक असेल तर त्यात भिजवा. हाताला लावायच्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. आणि माझं ऐकाल तर हे बूट सिडनीतच पोरीकडे ठेवा. रावेरला आल्यावर बागेसाठी वेगळे गमबूट घ्या, ते बागेबाहेर नेऊ नका. आलेल्या पाहुण्यालाही, व्यापाऱ्यालाही, कटतीच्या (घड कापणीच्या) मजुरांनाही हाच नियम लावा. आपल्याकडे रोग जहाजातून कमी आणि कटतीच्या गाडीतून जास्त येईल.

आता हरण्या. तो बेटांवरून आलेला नाही, त्याबद्दल मन मोकळं ठेवा. तो मावा पसरवतो आणि ढगाळ, पावसाळी दिवसांत वाढतो. भावाला आजच सांगा: दिसलेलं झाड कंदासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन जाळायचं किंवा खोल गाडायचं. तिथेच बांधावर टाकायचं नाही. दर चार-पाच दिवसांनी ओळ न ओळ फिरायचं. बागेतलं तण काढायचं, काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आंतरपीक म्हणून किंवा शेजारी नको, कारण विषाणू त्यांच्यावरही राहतो. माव्यासाठी फवारणी. नवीन लागवडीत लवकर उपटलं तर नांग्या (रिकाम्या झालेल्या जागा) भरता येतात. हळहळत ठेवलेलं एक झाड आजूबाजूच्या पन्नासांना देतं.

पॅरामाटाकर_धुळेकर

नमस्कार. मी मूळ धुळ्याचा, सिडनीत बरीच वर्षं आहे. आई-बाबांना घ्यायला क्रूझच्या टर्मिनलवर गेलोय, म्हणून लिहितो.

उतरण्याआधी येणाऱ्या प्रवाशांचं कार्ड भरून घेतात. त्यात अन्न, झाडाची वस्तू, लाकूड, बिया, कातडं, पिसं, माती लागलेल्या वस्तू असा प्रश्न आहे, आणि शेतावर किंवा रानात गेला होतात का असाही. काका, त्या ठिकाणी 'हो' लिहा. 'हो' लिहिणाऱ्याला काही होत नाही. दोन प्रश्न विचारतात, बूट बघतात, हवं तर स्वच्छ करून देतात आणि सोडतात. लपवलेलं सापडलं तर दंड हजारो डॉलरच्या घरात जातो आणि व्हिसावरही परिणाम होऊ शकतो. काकूंनी बेटांवर घेतलेली नारळाच्या झावळ्यांची टोपी, टोपली, लाकडी भांडं, शिंपल्यांची माळ, सगळं लिहा. पोवळ्याचे तुकडे आणि मोठे शिंपले घेऊच नका. ते ऑस्ट्रेलियातही अडतात आणि भारतात पोवळ्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जहाजातल्या बुफेतलं सफरचंद किंवा केळं पिशवीत राहून जातं, तेही उतरण्याआधी टाका. घरून आणलेला दराबा, बिबड्या, तिखट उरलं असेल तर तेही लिहा.

आणि एक सांगू? शेवटच्या सकाळी झोपू नका. जहाज पहाटे दोन कड्यांमधून बंदरात शिरतं. मोठी जहाजं सर्क्युलर कीला लागतात, ऑपेरा हाउसच्या अगदी समोर, पुलाच्या अलीकडे. जुलैत थंडी असते, स्वेटर, मफलर घ्या. वरच्या डेकवर उजेड व्हायच्या आधी जाऊन जागा धरा.

शहाद्याची_डॉक्टर

दोघांनाही उतरल्यावर जमीन हलते आहे असं वाटेल. बराच काळ जहाजावर राहिलेल्या माणसाचा मेंदू त्या डुलण्याला सरावलेला असतो, म्हणून तसं होतं. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं. तोवर अंघोळीला बसून घ्या, जिन्याचा कठडा धरा, रात्री उठताना दिवा लावा. बीपीची गोळी असेल तर एकदम उठू नका. महिनाभर राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि शेवटच्या दिवसांत हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणारा उलट्या-जुलाबाचा विषाणू नुसत्या सॅनिटायझरने नीट मरत नाही. उपास असेल तर काकूंनी पाणी भरपूर प्यावं.

केळीवाला_रावेर

मंडळी, कोणत्या शब्दांत आभार मानू. लाउटोका सुटलं. आता चहूबाजूंनी पाणी आहे. रात्री घड्याळं एकेक तास मागे करायला सांगतात, म्हणजे दिवस लांबू राहिले. लिहायला वेळ भरपूर आहे.

सिगाटोका सोडलं. पोहण्याचं बेटही सोडलं, जावयाला समजावलं. सकाळी पहिल्यांदा उतरलो, धक्क्यावरच काकवीचा वास. आमच्याकडे कारखान्याचा वास आला की मी ओळखतो, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत तो पहिल्यांदाच घेतला. बायकोला आधी देवळात नेलं. कृष्णापुढे ती बराच वेळ बसली, हरिपाठ म्हटला, मी बाजूला बसून ऐकला. तिथल्या बायांनी हिला फळं आणि दूध दिलं. त्या बायांची हिंदी वेगळी, पण हिची हिंदीही वेगळीच, तरी दोन्हीकडून सगळं कळत होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, यंदाची आषाढी पदरात पडली.

मग टॅक्सी. चालक साधारण माझ्या वयाचा. त्याचे पणजोबा बस्ती जिल्ह्यातून गिरमिटावर आले. १४ मे १८७९ ला लिओनिडास जहाज पहिले मजूर घेऊन फिजीला लागलं, तेव्हापासून १९१६ पर्यंत ६०,००० हून जास्त माणसं आली. पाच वर्षांचा करार, उसाची तोड. त्यांचंही जहाजच होतं. आम्ही ज्या समुद्रावर खुर्ची टाकून चहा पितो, त्यावर ती माणसं तळात बसून आली. हे मला कोणी सांगायला नको होतं, पण त्याने सांगितल्यावर जहाजाकडे बघण्याची माझी नजर बदलली.

तो आधी ऊस लावायचा. मी विचारलं, मग टॅक्सी का? म्हणाला, पट्टा संपला. तिथे बहुतेक जमीन मूळच्या फिजी लोकांच्या कुळांच्या मालकीची, ती विकता येत नाही. कसणाऱ्याला तीस-तीस वर्षांचा पट्टा मिळायचा. १९९७ पासून पट्ट्यांच्या मुदती संपत गेल्या, कितीतरी पुढे वाढवले गेले नाहीत. याच्या आज्याने रान मोडलं, बापाने ऊस लावला, यानेही लावला आणि मुदतीच्या दिवशी उठावं लागलं. घराच्या मागे लावलेली आंब्याची झाडंही तिथेच राहिली. तो रागाने बोलत नव्हता. जमीन त्यांची होती, त्यांना परत हवी होती, यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, असंच म्हणाला. त्याची मुलं ऑकलंडला गेलीत.

मी काही बोलू शकलो नाही. माझ्या आजोबांची जमीन त्यांची नव्हती, ते दुसऱ्याची कसत होते. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्याने कसेल त्याला मालक धरलं, म्हणून सातबाऱ्यावर आमचं नाव लागलं. म्हणून माझ्या बापाने विहीर खोदली, मी ठिबक केलं, पोरीला शिकवलं, पोरगी सिडनीला गेली आणि मी या जहाजावर आलो. तीच पिढी, तेच कष्ट, तीच नांगरट. इथे एका कागदाने दिलं, तिथे एका कागदाने नेलं. बायको मागच्या सीटवर होती, तिने मला हलकेच हात लावला. मी त्याला माझ्या आजोबांचं सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेऊन नीट ऐकलं, मग विचारलं, विहीर किती खोल आहे? शेतकरीच असा प्रश्न विचारतो.

साबेटोत त्याच्या ओळखीच्या एका घराच्या कुंपणाशी थांबलो. सावद्याच्या दादांनी सांगितलं होतं म्हणून मी आत गेलो नाही, डांबरी रस्त्यावर उभा राहूनच पाहिलं. मालकाने एक पान धरून माझ्यासमोर उलटलं. पाठीवर तपकिरी रेघा, बारीक, शिरांना समांतर. तोच काळा करपा. त्यांच्याकडे फवारणी नाही, ठिबक नाही. घरापुरती झाडं, वाळलेली पानं कापून टाकतात आणि येईल तो घड घेतात. मला वाटलं होतं, ज्या भागातून हा रोग कळला तिथे केळी दिसणारच नाही. दिसली, आणि लोक खातात. बाजारात हिरव्या केळीच्या फण्या, टॅरोचे (अळूचे) कंद, याकोनाची (कावा पेयाची) मुळं, आणि शेजारी वांगी, भेंडी, चवळीच्या शेंगा. वांगी लांबट होती. भरीत आपल्या हिरव्या वांग्याचंच, पण तिथली बाई भरीतही करते हे ऐकून बायको खूश झाली.

साडेतीनच्या आधी धक्क्यावर पोचलो. डेक_नऊ भाऊ, तुमच्यामुळे जीव टांगणीला लागला नाही.

बूट धुतले. खोलीतल्या बाथरूममध्ये दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा साफ केल्या. साफसफाईचा पोरगा गोव्याचा, त्याने कारण विचारलं आणि मग स्वतः जंतुनाशकाचं पाणी आणून दिलं. पील आणलं नाही. फेईचे फोटो आहेत, तेवढे बास. भावाने हरण्याची झाडं उपटून जाळली, पुढच्या फेरीत आणखी थोडी सापडली, तीही काढली. शेजारच्या शेतात काकडी आहे, त्याच्याशी मी आल्यावर बोलणार आहे, फोनवर बोलण्याचा विषय नाही तो.

केळीवाला_रावेर

सिडनीला पोचलो. पहाटे वर गेलो होतो, कड्यांमधून आत आलो तेव्हा तांबडं फुटत होतं. कार्डावर सगळं 'हो' लिहिलं. अधिकारी बाईने शेतावर गेला होतात का विचारलं, मी केळीचा शेतकरी आहे म्हटल्यावर तिने बूट काढायला लावले, तळवे निरखले आणि स्वच्छ आहेत म्हणून लगेच परत दिले. बायकोने टोंगात घेतलेलं झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापडही पाहिलं आणि दिलं. बूट पोरीकडेच ठेवतोय. जमीन हलते, डॉक्टरताई, अगदी तुम्ही म्हणालात तशी. अंघोळीला बसून घेतो.

नंदुरबारकर_७७

काका, वाचून निघायचं ठरलं. पण आईचे गुडघे गेलेत, जिना उतरते पण हळू. लहान बोटीत बसवणं जमेल का, की ती बंदरं सोडावीत?

केळीवाला_रावेर

भाऊ, नुमिया, आपिया, नुकुआलोफा, सुवा, लाउटोका इथे आमचं जहाज धक्क्याला लागलं. उतरताना उताराची पायवाट असते, खलाशी हात देतात, चाकाची खुर्चीही चालते. तिथे आईंना खुशाल न्या. लिफू आणि मिस्ट्री आयलंड ही दोन बंदरं बोटीची. जहाज आणि बोट दोन्ही वेगवेगळी हलतात आणि मधली एक पायरी तुम्हालाच टाकावी लागते. दोन खलाशी दंड धरतात, पण लाट मोठी असली तर ते चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणतात, आणि बरोबर करतात. आमच्या हिला लिफूला चढताना त्रास झाला, पाणी शांत होतं तरी. आईंना त्या दिवशी वरच्या डेकवर सावलीत खुर्ची द्या, तिथून बेट पूर्ण दिसतं, आणि तुम्ही दोघं आळीपाळीने खाली जाऊन या. बुकिंग करतानाच चाकाच्या खुर्चीचं लिहून द्या, ऐनवेळी मिळत नाही. खोली लिफ्टच्या जवळची आणि जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागा. तिथे हलणं कमी लागतं.